धूळपाटी ते अबॅकस : बालकांच्या पूरक गणिताची वाटचाल

प्राथमिक शाळेतील मुलाला शाळेच्या जोडीला गणिताचे आणखी काही शिक्षण द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणते, हा प्रश्न आज जवळजवळ प्रत्येक पालकापुढे उभा असतो. अबॅकस, जपानी धर्तीच्या सरावपत्रिका, वैदिक गणित, माँटेसोरी साहित्य अशी अनेक नावे कानांवर पडत असतात. त्यांतून एकाची निवड पुष्कळदा फी, घरापासूनचे अंतर आणि शेजारच्या मुलाचा अनुभव एवढ्यावरच होते. वस्तुतः यांतील प्रत्येक पद्धतीला स्वतःची जन्मकथा आहे. विशिष्ट काळातील, विशिष्ट ठिकाणच्या मुलांची एखादी नड भागविण्यासाठी ती निर्माण झाली. ती नड कोणती होती हे ध्यानात आले, की घरातल्या मुलाची नडही तीच आहे किंवा नाही, हे पडताळता येते. म्हणूनच निवडीच्या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणे उपयुक्त ठरते.

पंतोजींची शाळा आणि बाजार

पेशवाईच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंतोजींच्या शाळा असत. देवळाची ओसरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी हीच शाळेची जागा. धूळपाटीवर मुले आकडे गिरवीत आणि एका सुरात पाढे म्हणत. शाळा सुटली तरी गणित सुटत नसे. दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांसमोर परवचा म्हणावा लागे. घरी होणारी ही उजळणी म्हणजे मराठी मुलाचा पहिला पूरक गणितवर्गच होय.

या उजळणीत केवळ पूर्णांकांचे पाढे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुलांना मुखोद्गत असत. औट म्हणजे साडेतीन. आजच्या वाचकाला हा निव्वळ घोकंपट्टीचा अतिरेक वाटेल. परंतु त्या काळचा बाजार पाहिला म्हणजे त्यामागील कारण उमगते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे चार पावशेर. सारा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांच्या भाषेत चालत असे. साडेतीन रुपये मण या दराने सात मण धान्याची किंमत किती, असे विचारताच औटकी पाठ असलेला मुलगा क्षणात साडेचोवीस रुपये असे उत्तर देई. कारकुनी, सावकारी आणि दुकानदारी या तिन्ही पेशांना असा तोंडी हिशेब हवा होता आणि पंतोजी तो मुलांकडून घटवून घेत होते.

ही पद्धत केवळ मराठी मुलखापुरती नव्हती. हिंदी प्रदेशात पौवा, अद्धा, पौना, सवैया, ड्योढा आणि अढैया असे पाढे होते. साडेतीनाच्या पाढ्याला तेथे हूंठा म्हणत. बंगालमध्ये शुभंकराच्या नावाने प्रसिद्ध असलेली पद्यबद्ध हिशेबसूत्रे, म्हणजेच शुभंकरी, पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली जात. तमिळ प्रदेशातील ओसरीशाळांत एण्चुवडि नावाच्या पाढ्यांच्या पोथ्या असत आणि तेथील अपूर्णांकांची मालिका मुंतिरी म्हणजे ३२० व्या भागापर्यंत खाली जात असे. भाषा निराळ्या, तरी बाजाराची गरज सारखी होती.

तमिळ प्रदेशातील या देशी पद्धतीने एका युरोपीय शिक्षकाचेही लक्ष वेधून घेतले. मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी वाळूवर बोटाने अक्षरे गिरविणारी मुले पाहिली. त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांस शिकवावे अशी व्यवस्था बसविली. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढे इंग्लंडमधील अनेक शाळांनी ही मद्रास पद्धत स्वीकारली.

औटकीचा अस्त मात्र कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाच्या टीकेमुळे झाला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी सुरू झाली आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. आणे गेले, शेर गेला, मण गेला. त्यांच्यासोबत सवायकी आणि औटकी यांचे प्रयोजनही गेले. साठ वर्षांपूर्वी मराठी शाळेत पहिलीत बसलेल्या मुलांच्या आजोबांना हे पाढे येत होते. त्या मुलांना त्यांची फारशी गरज उरली नव्हती. ज्या नडीसाठी पद्धत जन्मली ती नड संपली, की पद्धत कितीही कसलेली असली तरी तिचे काम संपते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

डोळे आणि हात : रोम ते कोसबाड

पंतोजींच्या पद्धतीचा भर कान आणि जीभ यांवर होता. विसाव्या शतकाच्या आरंभी डोळे आणि हात यांच्याद्वारे गणित शिकविण्याचा प्रवाह युरोपात बळावला. डॉ. मारिया माँटेसोरी यांनी प्रारंभी बौद्धिक विकास मंद असलेल्या बालकांसाठी शैक्षणिक साहित्य वापरले होते. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. कष्टकरी आईबापांची, दिवसभर मोकाट हिंडणारी लहान मुले तेथे येत. त्यांना पाठ करावयास लावण्यापूर्वी काही तरी हाताळू देणे आवश्यक होते. माँटेसोरींच्या साहित्यात एकक म्हणजे एक सुटा मणी, दशक म्हणजे दहा मण्यांची काडी, शतक म्हणजे शंभर मण्यांचा चौरस आणि सहस्र म्हणजे हजार मण्यांचा घन असतो. हजाराचा घन दोन्ही हातांनी उचलणाऱ्या बालकाला एक आणि हजार यांतील अंतर शब्दांवाचून कळते.

बेल्जियममधील त्विँ गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी याच दिशेने दुसरे पाऊल टाकले. एक ते दहा सेंटिमीटर लांबीच्या, प्रत्येक लांबीला ठरलेला रंग असलेल्या लाकडी कांड्या त्यांनी तयार केल्या आणि १९५२ मध्ये त्यांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. तीनाची व चाराची कांडी टोकाला टोक लावून ठेवली की सातांच्या कांडीएवढी लांबी होते, हे मूल स्वतः पाहते आणि तेथे बेरीज त्याच्या हाती लागते.

हा विचार भारतात रुजला तो मुख्यतः गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या सहकार्यातून. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. मराठी भाषक ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३९ मध्ये स्वतः माँटेसोरी मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धाच्या काळात कोडाईकनाल येथेही त्यांचे वास्तव्य झाले. या वर्षांत भारतातील अनेक शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले.

तथापि मौल्यवान साहित्य खेड्यातील बालवाडीला परवडणारे नव्हते. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांसाठी जे कार्य उभारले, त्यात परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंना शैक्षणिक साहित्याचे स्थान मिळाले. मुले शाळेपर्यंत येऊ शकत नसतील तर शाळाच अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. परक्या भूमीतील तत्त्व स्वीकारावे, परंतु साधन आपल्या मुलांच्या परिस्थितीतून घडवावे, हा कोसबाडचा वारसा आहे. महागडे साहित्य घेणे शक्य नसलेल्या पालकाने चिंचोके मोजून दहा-दहांचे ढीग करण्याचा खेळ मुलासोबत खेळला, तरी तो याच परंपरेतील ठरतो.

जपानच्या दोन वाटा

आज भारतातील शहरांत दिसणाऱ्या दोन प्रमुख पूरक पद्धतींचा उगम जपानशी निगडित आहे. त्या एकाच देशातून आल्या असल्या, तरी त्यांचे हेतू मात्र अगदी भिन्न आहेत.

पहिली सरावपत्रिकांची. १९५४ मध्ये तोरू कुमोन या माध्यमिक शाळेतील गणित शिक्षकाचा मुलगा दुसरीत होता. गणितात त्याची प्रगती समाधानकारक नव्हती. वडिलांनी त्याच्यासाठी रोज थोडी थोडी उदाहरणे हाताने लिहून देण्यास आरंभ केला. उच्च माध्यमिक वर्गांत मुलांची फरफट कशामुळे होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी सारा रोख आकडेमोडीची पायरी पक्की करण्यावर ठेवला. सहावीत पोहोचेपर्यंत तो मुलगा कलनशास्त्रातील उदाहरणे सोडवू लागला. १९५८ मध्ये ओसाका येथे या पद्धतीचे संस्थात्मक कार्य सुरू झाले. मुलाला इयत्तेप्रमाणे न बसविता, त्याला सहज जमेल अशा पायरीवरून प्रारंभ करणे आणि दररोज थोडा वेळ नेमाने काम करणे, ही तिची मुख्य तत्त्वे. पद्धतीचे मर्म वडिलांच्या रोजच्या बारीक लक्षात होते, हे तिच्या उगमावरून स्पष्ट दिसते. केवळ पत्रिकांचा गठ्ठा घरी आणला आणि कोणी पाहिलेच नाही, तर त्या मर्माचाच लोप होतो.

दुसरी वाट सोरोबान म्हणजे जपानी मणिचौकटीची. चीनमधील मणिचौकट जपानमध्ये पोहोचली आणि तेथे व्यापाऱ्यांच्या हाती तिचे रूप पालटत गेले. आजच्या प्रचलित रूपात प्रत्येक सळईवर वर पाच किमतीचा एक आणि खाली एक किमतीचे चार मणी असतात. नोव्हेंबर १९४६ मध्ये टोकियोत सोरोबान आणि विजेवर चालणारे गणनयंत्र यांची जाहीर स्पर्धा झाली. कियोशी मात्सुझाकी यांनी ती सोरोबानच्या साह्याने चार विरुद्ध एक अशी जिंकली. पुढे खऱ्या चौकटीऐवजी मनातल्या मनात चौकट डोळ्यांपुढे आणून हिशेब करण्याचे प्रशिक्षण लोकप्रिय झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मलेशियातील वर्गांच्या धर्तीवर ते भारतात आले आणि अबॅकस या नावाने रूढ झाले.

अबॅकसमुळे वेग, एकाग्रता आणि पाच व दहा यांच्या पूरक जोड्यांची ओळख दृढ होऊ शकते. चार मिळवावयाचे असता पाच मिळवून एक वजा करणे, ही युक्ती बोटांवर मोजणाऱ्या मुलाला निश्चितच पुढे नेते. परंतु ही पद्धत मुळात हिशेबनिसाची होती. उत्तर लवकर आणि अचूक मिळावे, हा तिचा हेतू. बेरीज करावयाची की वजाबाकी, हे शाब्दिक उदाहरण वाचून ठरविण्याचे शिक्षण तिच्या कक्षेबाहेरचे आहे. शिवाय अबॅकसवर हिशेब डावीकडून, म्हणजे मोठ्या स्थानापासून सुरू होतो. शाळेत मात्र हातच्याची बेरीज उजवीकडून, एककापासून शिकविली जाते. दोन्ही रीती बरोबर आहेत. मात्र दुसरीतील मुलापुढे त्या एकाच महिन्यात आल्या, तर त्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

आकड्यांशी मैत्री

पूरक गणिताचा आणखी एक प्रवाह आनंदासाठी गणित करणाऱ्यांचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत भुंगे, हंस आणि तुटलेला मोत्यांचा हार यांची उदाहरणे आहेत; शिकणाऱ्याचे मन रमावे ही दृष्टी त्यांत स्पष्ट दिसते. विसाव्या शतकात हीच दृष्टी देवळालीच्या शाळेतील एका शिक्षकाने जपली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना संख्यांशी खेळण्याचा छंद होता. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यापुढे पुन्हा पुन्हा ६१७४ हीच संख्या येत राहते. कोठूनही निघाले तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ती गाठता येते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ही संख्या मांडली आणि आज ती त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते. चौथीतील मुलाने हा खेळ तीनदा खेळला तरी हातच्याच्या वजाबाकीचा चांगला सराव होतो आणि तो कंटाळवाणा मुळीच वाटत नाही.

वैदिक गणित या नावाने प्रसिद्ध असलेली सूत्रे पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या ग्रंथातून पुढे आली. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सूत्रे उपलब्ध वेदवाङ्मयात आढळत नाहीत, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. तरीही काही रीती लक्षवेधक आहेत, यात शंका नाही. ९८ गुणिले ९७ करताना दोन्ही संख्या शंभरापेक्षा अनुक्रमे २ आणि ३ ने कमी आहेत, हे पाहून ९८ मधून ३ वजा केले की ९५ येतात, २ व ३ यांचा गुणाकार ०६ येतो आणि उत्तर ९५०६ मिळते. ज्याला स्थानिक किंमत आणि गुणाकार यांचा अर्थ कळला आहे, त्याला अशी युक्ती का चालते हे शोधण्यात गोडी वाटेल. ज्याला तो अर्थ अजून कळलेला नाही, त्या पहिली-दुसरीतील मुलासाठी ती केवळ एक नवी घोकंपट्टी ठरेल.

बृहन्महाराष्ट्रातील मूल आणि संख्यानामे

येथपर्यंतचा इतिहास सर्वच मुलांना लागू आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी एका गोष्टीचा विचार अगत्याचा ठरतो. ती म्हणजे आकड्यांची भाषा.

मराठीत पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस उच्चारले जातात; लिहिताना मात्र आधी २ आणि मग ५ येतात. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारे मूल मतिमंद नसते. ते ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते, इतकेच. त्यातच एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद ही नावे पुढील दशकातून एक कमी अशा अर्थाने घडली आहेत, तर नव्याण्णव हे त्या रीतीला अपवाद आहे. हिंदी, गुजराती आणि बंगाली यांतही एकक आधी येतो. उलटपक्षी तमिळ, तेलुगू आणि कन्नड या भाषांत वीस आधी आणि पाच नंतर येतात. इंग्रजीतही विसांच्या पुढे तसेच आहे. जपानीत तर बारा या संख्येचे नावच दहा-दोन असे आहे. त्यामुळे सोरोबानची सळई आणि जपानी मुलाच्या तोंडचा शब्द एकाच क्रमाने चालतात. मराठी मुलाला मात्र ऐकलेला शब्द मनात उलटवून मणी सरकवावे लागतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या शब्दाबरोबर वीस एक अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरयुक्त आणि उलट्या क्रमाच्या नावांमुळे मुलांना येणारी अडचण लक्षात आणून दिली. भाषेचे सौंदर्य जपण्याची कळकळ आणि मुलाची अडचण दूर करण्याची कळकळ या दोन्ही त्या वादात प्रामाणिक होत्या. बृहन्महाराष्ट्रातील पालकाने त्यातून एक व्यावहारिक बोध घ्यावयास हवा. बडोद्यातील किंवा इंदूरमधील मराठी मुलाच्या कानी घरात आणि बाजारात संख्या एकाच क्रमाने पडतात. हैदराबाद किंवा बेंगळुरू येथील मुलाच्या कानी त्या दोन क्रमांनी पडतात. पूरक वर्ग इंग्रजीत असेल, तर शाळेत शिकलेली संख्या त्याला तेथे पुन्हा नव्या नावाने भेटते. वर्गाची निवड करण्यापूर्वी तेथील शिक्षक मुलाला मराठीतून विचार करू देतात काय, हे पाहणे म्हणूनच फीइतकेच महत्त्वाचे आहे.

निवडीची कसोटी

या साऱ्या वाटचालीतून पालकांसाठी एकच मुख्य सूत्र हाती लागते : पद्धतीचे नाव ऐकण्यापूर्वी मुलाची नड ओळखावी. सात ओळींत चार-चार खुर्च्या मांडल्या तर एकूण किती, हे चित्र काढून सांगता येते, परंतु सात चोक अठ्ठावीस चटकन आठवत नाही, अशा मुलाला सरावाची नड आहे. परवचा किंवा सरावपत्रिका त्याच्या उपयोगी पडतील. सात चोक अठ्ठावीस तोंडपाठ आहे, परंतु खुर्च्यांचे उदाहरण समोर येताच सात आणि चार यांची बेरीज करणारे मूल अर्थाच्या शोधात आहे. त्याला मणी, कांड्या आणि चिंचोके हवेत. त्याला वेगाच्या वर्गात घातल्यास चूक अधिक वेगाने होईल, एवढेच. ज्याला दोन्ही येते आणि वर्गात कंटाळा येतो, त्याच्यापुढे कापरेकरांसारखी कोडी ठेवावीत. आणि ज्याचे सर्व व्यवस्थित चालले आहे, त्या सहा वर्षांच्या बालकाला कोणत्याही पूरक वर्गाची गरज नाही, हेही उत्तर पूर्णतः योग्य असू शकते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने नेमलेल्या गणितविषयक अभ्यासगटाने बहुसंख्य मुलांच्या मनातील भीती आणि अपयशाची भावना ही गणितशिक्षणाची अग्रगण्य समस्या म्हणून नोंदविली होती. ही भावना दहावीत जन्मत नाही. सहाव्या-सातव्या वर्षी आपल्याला गणित येत नाही असे मुलाने एकदा मनाशी ठरविले, की पुढे ते काढून टाकणे फार कठीण होते. चुकीच्या वेळी, चुकीच्या कारणासाठी निवडलेला पूरक वर्ग या भावनेला खतपाणी घालू शकतो. योग्य वेळी मिळालेली योग्य पद्धत तिचे मूळच उपटू शकते.

पंतोजींपुढे बाजार होता, माँटेसोरींपुढे सॅन लोरेन्झोची मुले होती, कुमोन यांच्यापुढे स्वतःचा मुलगा होता आणि ताराबाईंपुढे कोसबाडचे पाडे होते. त्यांतील प्रत्येकाने आधी समोरचे मूल पाहिले आणि मग साधन शोधले. आजच्या पालकाला साधने तयार मिळतात. मूल पाहण्याचे काम मात्र अद्याप त्याचेच आहे.